सायकलला हक्काची वाट हवी

जानेवारी २०१६ मध्ये स्मार्ट सिटीच्या पहिल्याच यादीत बेळगाव झळकलं. पुढे काही रस्ते काँक्रीटचे झाले आणि गाड्या सुसाट धावू लागल्या. ताशी ३० ऐवजी ५० किलोमीटर वेगाने येणाऱ्या गाडीच्या धडकेत सुमारे पावणेतीन पट ऊर्जा असते. हँडलला डबा अडकवून उद्यमबाग औद्योगिक वसाहतीकडे निघालेल्या कामगाराला तिच्यापासून वाचवणारं काहीच नसतं. कर्नाटक सरकारने २००६-०७ पासून आठवीच्या मुलामुलींना मोफत सायकली वाटल्या. त्या चालवायला सुरक्षित रस्ता मात्र दिला नाही.

‘आता सायकल चालवतं कोण?’ असं विचारलं जातं. पण वाहतुकीच्या धास्तीने घरात पडून असलेली सायकल कुठल्याच मोजणीत येत नाही. गणपत गल्लीत, खडेबाजारात जागा नाही, हे खरं. तिथे वेगळी मार्गिका नकोच. वेगमर्यादा आणि पार्किंगची शिस्त पुरे. खानापूर रोडसारख्या मोठ्या रस्त्यांवर मात्र कठड्याने वेगळी केलेली मार्गिका हवी. नुसता पट्टा ओढला, की त्यावर दुचाक्या लागतात. बेळगाव महापालिकेने येत्या अंदाजपत्रकातच यासाठी स्वतंत्र तरतूद करावी.