विद्यापीठांच्या टिपणवह्या सर्वांस खुल्या असाव्या

आमच्या हिर्डोशीच्या खोऱ्यास पाहुणा नवा नाहीं. भोरहून वरंधा घाटाकडे जाणारा रस्ता ह्याच खोऱ्यांतून जात असल्यामुळें येणारा-जाणारा नेहमींचाच. परंतु गेल्या वीसेक वर्षांत एका निराळ्या पाहुण्याची ये-जा वाढली आहे. तो पाठीवर पिशवी व हातांत छापील प्रश्नांचे कागद घेऊन येतो, ओसरीवर बसतो, चहा घेतो, आणि घरांत माणसें किती, खाचरें किती, भात किती पिकलें, मुलें पुण्यास आहेत कीं मुंबईस, देणें किती, हें सारें विचारून व लिहून घेऊन निघून जातो. कोणी भातावरील करप्याचा अभ्यास करणारा असतो, कोणी अर्थशास्त्राचा, कोणी झाडापाल्याचीं नांवें जमविणारा, तर कोणी नीरा-देवघर धरणामुळें उठलेल्या घरांची हकीगत लिहिणारा. ज्ञानासाठीं इतक्या आडवळणास येणारीं हीं मुलें पाहून आम्हांस आनंदच होतो. आमचें म्हणणें आहे तें पुढच्या गोष्टीविषयीं. त्यांनीं नेलेल्या माहितीचें पुढें होतें काय?

आमचें सारें आयुष्य महसूल खात्याच्या दप्तरांत गेलें. शिक्षण मराठी शाळेपुरतें. विद्यापीठाची पायरी आम्ही कधीं चढलों नाहीं, तेव्हां विद्वानांस शहाणपण सांगण्याचा आमचा अधिकार नाहीं. परंतु कागद कसा ठेवावा, तो कोणास दाखवावा, व न दाखविल्यानें कोणाचें काय बुडतें, एवढें मात्र रुमाल बांधतां-सोडतां आम्हांस कळून चुकलें आहे. त्याच जोरावर हे चार शब्द लिहीत आहों.

२०२१ सालच्या जुलैंत जो पाऊस कोसळला तो ह्या भागांतील कोणी विसरणार नाहीं. घाटापलीकडे महाड तालुक्यांतील तळिये गांवावर २२ जुलै रोजीं दरड येऊन ऐंशींहून अधिक माणसें गेलीं. त्यानंतर आमच्याकडील वाड्यावस्त्यांत एकच प्रश्न उरला: आपल्या डोक्यावरचा डोंगर किती भरंवशाचा? कांहीं महिन्यांनीं भूशास्त्राचे जाणकार आले. उतारावर मातीचा थर किती जाड, खालीं मुरूम लागतो कीं कातळ, पाणी कोठें मुरतें, हें त्यांस पाहावयाचें होतें. तेव्हां एका म्हाताऱ्या शेतकऱ्यास आठवलें कीं, कृषिशास्त्राच्या एका विद्यार्थ्यानें पूर्वीं ह्याच उतारांवर ठिकठिकाणीं खड्डे खणून मातीचीं मापें घेतलीं होतीं. खणणारे मजूरही आमच्याच गांवचे. शोध केला. प्रबंध मिळाला, चांगला जाडजूड व कापडी बांधणीचा. परंतु त्यांत साऱ्या खड्ड्यांची मिळून सरासरी तेवढी दिलेली. कोणता खड्डा कोणत्या उतारावर व तेथें माती किती हात, हें ज्या वहींत होतें ती वही विद्यार्थ्याबरोबर गेली, आणि विद्यार्थी नोकरीनिमित्त परदेशीं गेला. डोंगर कांहीं सरासरीनें खचत नाहीं. तो एका ठिकाणीं खचतो. पुन्हां खड्डे खणावे लागले व मध्यें एक पावसाळा गेला. त्या पावसाळ्यांत कांहीं विपरीत घडलें नाहीं ही देवाची कृपा. परंतु पावसाचा जोर वाढला कीं मुलांबाळांस घेऊन शाळेच्या पडवींत रात्री काढणाऱ्या कुटुंबांस त्या एका वहीची किंमत विचारावी.

ह्या विद्यार्थ्यास आम्ही दोष देत नाहीं. त्यास वही ठेवून जा असें कोणी सांगितलेंच नव्हतें. प्रबंध दिला, पदवी मिळाली, काम संपलें, अशी रीत पडली आहे. आमचें म्हणणें असें कीं ती रीत चुकीची आहे. एका शास्त्रासाठीं जमविलेला आंकडा पुष्कळदां दुसऱ्याच शास्त्राच्या कामीं येतो, आणि कोणत्या शास्त्राच्या येईल हें जमविणाऱ्यास आधीं कधींच सांगतां येत नाहीं. म्हणून मूळ आंकडेच सर्व शास्त्रांच्या अभ्यासकांस खुले असले पाहिजेत.

आपल्या जिल्ह्यांतच ह्याचा जुना दाखला आहे. पुण्याच्या शेतकी कॉलेजचे प्रिन्सिपॉल डॉ. हॅरोल्ड मॅन हे मूळचे रसायनशास्त्रज्ञ. त्यांनीं पुण्याजवळील पिंपळे सौदागर ह्या गांवाची घरोघर पाहणी केली व ती १९१७ सालीं मुंबई विद्यापीठाच्या अर्थशास्त्रविषयक ग्रंथमालेंत प्रसिद्ध झाली. तींत त्यांनीं जुन्या कागदांवरून दाखविलें कीं, त्या गांवीं १७७१ सालीं एका खातेदाराकडे सरासरीनें ४० एकर जमीन होती, १८१८ सालीं ती साडेसतरा एकरांवर आली, आणि १९१४-१५ सालीं अवघे ७ एकर उरले. गांवच्या जमिनीचे तुकडे झाले होते ७२९, व त्यांपैकीं ४६३ एक एकराहून लहान. १९४७ सालीं तुकडेबंदीचा कायदा झाला. तत्पूर्वीं ह्या प्रश्नावर जो ऊहापोह चालला त्यांत हे आंकडे पुनःपुन्हां पुढें आले. आतां विचार करा. १७७१ सालीं वसुलाचा कागद लिहिणाऱ्या कारकुनाचें काम साऱ्यापुरतें होतें. दीडशें वर्षांनीं एक रसायनशास्त्रज्ञ येईल व आपल्या लिखाणावरून कुणब्याच्या दारिद्र्याचें मूळ शोधील, हें त्याच्या स्वप्नींही नसेल. त्यानें केलें तें इतकेंच कीं आंकडा नीट लिहिला, व त्याच्या मागून आलेल्यांनीं तो जपला. (आमच्या जातीच्या माणसांस कारकुंडे म्हणून हिणविणारांनीं हें लक्षांत घ्यावें.) मॅनसाहेबांनींही आपले आंकडे ग्रंथांत सविस्तर छापले, म्हणून पुढें त्याच गांवाची पुन्हां पाहणी करतां आली व तीही १९६० सालीं प्रसिद्ध झाली. आज पिंपळे सौदागरास शेत शोधावें लागतें, जिकडे तिकडे उंच इमारती. परंतु तें गांव कसें होतें हें कागदावर उरलें आहे.

याहून मोठा दाखला सोलापूर व अकोला जिल्ह्यांतला. हैदराबादेजवळ पाटणचेरू येथें १९७२ सालीं स्थापन झालेली इक्रिसॅट ही कोरडवाहू पिकांची आंतरराष्ट्रीय संशोधनसंस्था आहे. तिनें १९७५ सालीं सहा गांवें निवडलीं. त्यांतलीं चार महाराष्ट्रांतलीं: सोलापूर जिल्ह्यांतील शिरापूर व कळमण, आणि अकोला जिल्ह्यांतील कंझरा व किनखेड. प्रत्येक गांवांत ४० कुटुंबें, त्यांत ३० शेती करणारीं व १० मजुरीवर जगणारीं. पाहणी करणारा मनुष्य गांवांतच बिऱ्हाड करून राही, आणि दर तीन-चार आठवड्यांनीं घरोघर जाऊन पेरणी, मजुरी, विक्री, उसनवारी, खाणेंपिणें, सर्व लिहून घेई. तीन गांवांत हें काम दहा वर्षें अखंड चाललें, व २००१ पासून पुन्हां सुरू झालें. कोरडवाहू शेतकऱ्याची अडचण काय आहे हें वाण काढणाऱ्या शास्त्रज्ञांस कळावें, एवढाच मूळ हेतु. परंतु संस्थेनें त्या वह्या कुलपांत ठेवल्या नाहींत. घरधन्यांचीं नांवें काढून आंकडे बाहेरच्या अभ्यासकांस दिले, आणि मग त्यांतून काय काय निघालें तें पाहण्यासारखें आहे.

रोझेन्झवाइग व स्टार्क ह्या दोन अर्थशास्त्र्यांनीं १९८९ सालीं ह्याच आंकड्यांवरून सोयरिकींचा विचार केला. ज्या घराचें शेतीउत्पन्न पावसाच्या लहरीवर फार हेलकावे खातें, तें घर लेकी-सुनांचे संबंध दूरच्या गांवांशीं जोडतें, आणि अशा दूरच्या सोयरिकींमुळें दुष्काळांतही त्या घरच्या ताटांतलें अन्न कमी हलतें, असें त्यांना आढळून आलें. एका शिवारांत पाऊस हुकला तर व्याह्याच्या शिवारांत झालेला असतो, हें त्यांतलें मर्म. आमच्या आजीस हें ठाऊक असावें. मात्र तिनें तें आंकड्यांनीं सिद्ध केलें नव्हतें. पुढें १९९४ सालीं रॉबर्ट टाउनसेंड ह्यांनीं शिरापूर व कंझऱ्याचे आंकडे घेऊन, घरचें पीक बुडालें तरी गांवांत खाण्याचें मान बरेंचसें एकमेकांच्या आधारानें कसें टिकतें, ह्याचा शोध घेतला. ज्वारी-तुरीसाठीं लिहिलेली वही लग्नसंबंध, आहार, उसनवारी व सावकारी ह्या सर्वांवर बोलूं लागली. ती एका खात्याच्या कपाटांत राहिली असती तर मुकीच राहती.

पावसाचेंही तसेंच. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेंत पार्थसारथी व त्यांच्या सहकाऱ्यांनीं ३०६ ठिकाणच्या नोंदी जुळवून १८७१ पासूनची देशाच्या पावसाची मालिका तयार केली व ती सर्वांस वापरूं दिली. केली मान्सूनच्या अभ्यासासाठीं. वापरली शेतीच्या व अर्थशास्त्राच्या अभ्यासकांनींही.

ह्यावर विद्वानांचा आक्षेप असा येतो कीं, आम्हीं ऊन-पाऊस सोसून आंकडे जमवावे आणि कोणी घरबसल्या त्यांवर नांव मिळवावें हा कोठला न्याय? आक्षेप खोटा नाहीं. ज्यानें नांगरलें त्यानें आधीं कापावें. दोन-तीन वर्षें आंकडे त्याच्याकडेच राहूं द्यावे, व पुढें जो कोणी ते वापरील त्यानें मूळ जमविणाराचें नांव घेतलेंच पाहिजे, असा दंडक असावा. परंतु पीक काढून झाल्यावरही रानास काटेरी कुंपण घालून बसणें हें आपल्यांतही कोणास आवडत नाहीं. सुगी झाली कीं शेजाऱ्याचीं गुरें चरावयास सोडण्याची आपली चाल आहे.

दुसरी भीति आपणां शेतकऱ्यांची. आपलें देणें, घरचें आजारपण, लेकीचें लग्न मोडलें कां, हें चव्हाट्यावर यावयाचें काय? मुळींच नाहीं. सातबारा आज कोणीही पाहूं शकतो हें खरें, पण सातबारा निराळा व घरची गोष्ट निराळी. नांव, गट नंबर व वस्ती काढल्याशिवाय घरचे आंकडे पुढें जातां कामा नयेत. आणि लहान वाडींत नांव काढूनही भागत नाहीं. दहा घरांच्या वाडींत 'एक विधवा, तीन मुली, दोन म्हशी' एवढें लिहिलें कीं सारें खोरें ओळखतें. तेथें अधिक जपावें. व्यक्तींच्या माहितीच्या रक्षणाचा कायदा २०२३ सालीं झाला आहे. परंतु कायद्यापेक्षां लिहून घेणाराच्या विवेकावर आमचा भर अधिक आहे.

आमच्या मतें खरी अडचण तिसरीच आहे, व ती कारकुनासच कळावी अशी आहे. आंकडा नुसता दिला तर तो खोटें बोलतो. त्याच्यापुढें शेऱ्याचा रकाना भरलेला हवा. आमच्याकडील वरकस जमीन डोंगरउतारावरची. तींत कांहीं वर्षें नाचणी-वरई घ्यावयाची व मग कांहीं वर्षें तिला विसांवा द्यावयाचा, हा वाडवडिलांचा पाळीचा क्रम. पीकपाहणींत अशा वर्षीं तिच्यापुढें 'पड' लागते. परमुलखांतल्या एका अभ्यासकानें अशा नोंदी घेऊन येथील लोक आळशी असून जमीन ओसाड टाकतात असा निष्कर्ष काढलेला आम्हीं स्वतः वाचला आहे. तसेंच 'भात' म्हटलें म्हणजे टरफलासकट कीं कांडलेला तांदूळ? पायली म्हटली तर कोणत्या गांवची? एकरी उत्पन्न खाचराचें कीं बांध-उतारासकट साऱ्या गटाचें? जमविणारास हें ठाऊक असतें म्हणून तो लिहीत नाहीं, आणि दुसऱ्या शास्त्राच्या मनुष्यास ठाऊक नसतें म्हणून तो फसतो. तेव्हां वही खुली करतांना कोणता शब्द कोणत्या अर्थानें घेतला, माप कोणतें, कोणत्या महिन्यांत विचारलें, कोण घरीं नव्हतें, हें साध्या भाषेंत लिहून जोडलें पाहिजे. हें काम कंटाळवाणें आहे. त्याबद्दल पदवी मिळत नाहीं, म्हणूनच तें होत नाहीं. विद्यापीठांनीं ह्या कामासही प्रबंधाइतकेंच गुण द्यावे अशी आमची सूचना आहे.

सरकारनें ह्या दिशेनें पाऊल टाकलेलेंच नाहीं असें नव्हे. सरकारी खर्चानें जमलेली माहिती लोकांस मिळावी असें धोरण केंद्र सरकारनें २०१२ सालीं जाहीर केलें. भारतीय कृषि अनुसंधान परिषदेनेंही २०१३ सालीं आपलें संशोधन खुलें ठेवण्याचें ठरविलें. विद्यापीठांचे प्रबंध 'शोधगंगा' नांवाच्या भांडारांत संगणकावर वाचावयास मिळतात, व ही मोठीच सोय आहे. परंतु प्रबंध म्हणजे भाजलेली भाकरी. आम्ही मागतों तें जोंधळा. भाकरीवरून बियाणें करतां येत नाहीं.

विद्यापीठें जेव्हां बदलतील तेव्हां बदलोत. आपल्या हातीं एक गोष्ट आहे. आपण उत्तरें देतों, तेव्हां एक अट घालण्याचा आपणांस हक्क आहे. कोणीही अभ्यासक दारीं आला तर त्याचें नांव, विद्यापीठ व विषय लिहून घ्यावा. तो काय मोजणार तें विचारावें. आणि काम संपल्यावर आपल्या गांवच्या आंकड्यांची एक प्रत, शेऱ्यासह, आपल्या संघाकडे पाठवीन असें त्याच्याकडून लिहून घ्यावें. त्याच्याआधीं त्याच बांधावर कोण येऊन काय मोजून गेला हेंही त्यास दाखवावें, म्हणजे तेच खड्डे पुन्हां खणण्याचा त्याचा व आपला त्रास वांचेल.

आम्हीं ह्या कामासाठीं एक वही घातली आहे. आजवर तींत नऊ नोंदी झाल्या. चौघांनीं प्रत पाठवूं असें लिहून दिलें, दोघांची आली. एक भातखाचरांच्या मातीची आहे व दुसरी वाड्यांवरील विहिरी-झऱ्यांच्या पाण्याची, कोणता झरा कोणत्या महिन्यांत आटतो ह्यासह. दोन्ही संघाच्या कचेरींत ठेवल्या आहेत. ज्यांस पाहावयाच्या असतील त्यांनीं बाजाराच्या दिवशीं दुपारीं यावें. आम्ही तेथें असतों.