हँडल किती उंच असावे?

बारडोलीहून पूर्वेस निघालेला महामार्ग व्यारा, सोनगढ, नवापूर ही गावे मागे टाकतो, कोंडाईबारीचा घाट ओलांडतो आणि साक्रीवरून धुळ्यास पोहोचतो. खानदेशातून पोटापाण्यासाठी या बाजूस येऊन स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांना हा रस्ता चांगला परिचयाचा आहे. सुरत-भुसावळ आगगाडी आहे, एस. टी. आहे, तरीही दिवाळीस किंवा आखाजीस गावी जाताना पुष्कळ तरुण मंडळी मोटारसायकलच पसंत करतात. सुमारे दोनशे किलोमीटरांचा हा प्रवास एका दिवसात करावयाचा म्हणजे चार-पाच तास हँडल धरून बसणे आलेच. मग मनगटे भरून येतात, तळहातास मुंग्या येतात, मान आखडते. आणि परतल्यावर 'हँडल थोडे उंच करून घ्यावे' असा विचार मनात येतो. हा विचार योग्य की अयोग्य, याची चर्चा आम्ही येथे करू इच्छितो. आमचे मत प्रारंभीच सांगतो : हँडल उंच करण्यात गैर काहीच नाही, मात्र ते शोभेसाठी नव्हे तर शरीरासाठी करावे, आणि अंदाजाने नव्हे तर मोजून करावे.

कित्येक वडीलधारी मंडळी या गोष्टीस मुळातच विरोध करतात. "कारखान्यातील इंजिनिअरांपेक्षा तुम्ही अधिक शहाणे काय?" असा त्यांचा प्रश्न असतो. प्रश्न वाजवी आहे. परंतु त्याचे उत्तरही आहे. कारखाना गाडी बनवितो ती सरासरी बांध्याच्या माणसासाठी. माणसे मात्र उंच-ठेंगणी, लांब हातांची व आखूड हातांची असतात. आपला शेतकरी कुदळीस दांडा बसविताना आपल्या उंचीचा विचार करतोच की नाही? दुसऱ्याच्या मापाच्या दांड्याने दिवसभर खणणारा संध्याकाळी कंबर धरून बसतो. खुद्द कारखानदारांनाही ही गोष्ट ठाऊक आहे. रॉयल एन्फील्ड या कंपनीने २०१८ साली 'इंटरसेप्टर' व 'कॉन्टिनेन्टल जीटी' या दोन मोटारसायकली भारतात एकदमच आणल्या. दोहोंचे इंजिन एकच, ६४८ घन सेंटीमीटरांचे. परंतु पहिलीचे हँडल रुंद व उंच, तर दुसरीचे सखल. एकच यंत्र दोन प्रकारच्या बैठकींसाठी दोन रीतींनी बांधावे लागते, याहून अधिक स्पष्ट पुरावा कोणता हवा?

आता बैठकीचे शास्त्र पाहू. चालकाचे शरीर गाडीस तीन ठिकाणी टेकते : आसन, पायटेकण आणि हँडल. हँडल फार सखल असले की धडाचा भार मनगटांवर पडतो आणि समोर पाहण्यासाठी मान मागे मुडपावी लागते. ते योग्य उंचीवर आले की कोपर किंचित वाकलेले राहते, खांदे सैल राहतात आणि खाचखळग्यांचे धक्के कोपरात जिरतात. खराब रस्त्यावर पायटेकणांवर उभे राहून गाडी चालविणाऱ्यासही थोडे उंच हँडल सोयीचे पडते.

परंतु येथेच थांबले पाहिजे. हँडल खांद्यांच्याही वर गेले की हात सतत उचललेले राहतात. ते लवकर थकतात आणि बधिर होतात. धड ताठ झाल्यामुळे वारा सरळ छातीवर आदळतो आणि आसनाखालचे धक्के थेट कण्यास बसतात. पुढच्या चाकावरील भार थोडा कमी होतो, आणि घाटातील वळणावर त्याच चाकावर आपली सारी भिस्त असते. अमेरिकेत अशा अतिउंच हँडलांस थट्टेने 'एप हँगर' म्हणजे माकडाने लोंबकळावे असे हँडल म्हणतात. १९६९ च्या 'इझी रायडर' या चित्रपटाने लांबलचक पुढच्या काट्याच्या व उंच हँडलाच्या मोटारसायकलींचे वेड जगभर पोहोचविले. तथापि त्याच अमेरिकेतील कित्येक राज्यांनी हँडलाच्या उंचीस कायद्याने मर्यादा घातली आहे. पडद्यावर शोभणारी प्रत्येक गोष्ट रस्त्यावर शोभतेच असे नाही.

मात्र खरा धोका याहूनही वेगळ्या ठिकाणी आहे, आणि तो सहसा कोणाच्या ध्यानी येत नाही. हँडल म्हणजे नुसती वाकविलेली नळी नव्हे. तिच्याशी क्लचची तार, ॲक्सिलरेटरची तार, पुढच्या ब्रेकची तेलाची नळी आणि दिवा-हॉर्नच्या विजेच्या तारा जोडलेल्या असतात. त्या साऱ्यांची लांबी मूळच्या उंचीस बेतलेली असते. हँडल वर गेले आणि या तारा तेवढ्याच राहिल्या, तर हँडल सरळ असताना सारे ठीक भासते; वळविताच मात्र त्या ताणल्या जातात. ॲक्सिलरेटरची तार ताणली गेली तर मूठ न पिळताच इंजिनाचा वेग वाढतो. आणि तो वाढतो नेमका बाजारातील अरुंद वळणावर, जेथे वेग कमी हवा! क्लचची तार ताणलेली राहिली तर क्लच पूर्ण पकडत नाही व त्याच्या प्लेटा झिजतात. ब्रेकची नळी वारंवार ओढली गेल्यास तिला चीर पडू शकते. विजेची तार वरून धड दिसते, पण आतून तुटते, आणि रात्रीच्या वेळी दिवा विझतो.

म्हणून आमचे सांगणे असे की, उंची पायरीपायरीने वाढवावी. प्रथम आहे तेच हँडल पकडीत किंचित फिरवून पाहावे. त्यास पैसा लागत नाही, आणि पुष्कळांचे काम तेवढ्यानेच भागते. ते न भागल्यास पकडीखाली बसणारे, ज्यास मिस्त्री लोक 'रायझर' म्हणतात ते, छोटे ठोकळे बसवावेत. त्यानेही समाधान न झाल्यासच नवे हँडल घ्यावे, आणि त्याबरोबर तारा व ब्रेकची नळीही लांब घ्यावी. नळी बदलली की ब्रेकच्या तेलात शिरलेली हवा काढून टाकणे अत्यावश्यक आहे. नाहीतर लिव्हर दाबली जाते, पण गाडी थांबत नाही. हँडलाचा खर्च करावयाचा आणि नळीचा वाचवावयाचा, ही काटकसर नव्हे.

मोजल्यावाचून वाढवू नये, हे तत्त्व बारडोलीकरांस परक्याने शिकवावयास नको. सरकारने या तालुक्याचा शेतसारा सुमारे २२ टक्क्यांनी चढविला, तेव्हा नीट चौकशी केल्याविना केलेली वाढ आम्हांस मान्य नाही, असे येथील शेतकऱ्यांनी १९२८ साली वल्लभभाई पटेलांच्या नेतृत्वाखाली ठणकावून सांगितले. पुढे ब्रूमफील्ड व मॅक्सवेल या अधिकाऱ्यांनी गावोगाव फिरून मोजदाद केली, तेव्हा ती वाढ सहा टक्क्यांच्या आसपास आली. कोठे तो लढा आणि कोठे हे हँडल! तरीही ज्या भूमीने वाढीचा हिशेब मागितला, तेथील तरुणाने आपल्या गाडीच्या वाढीव इंचांचा हिशेब स्वतःकडे मागावा, ही अपेक्षा वावगी ठरू नये.

कायद्याकडेही पाठ फिरवून चालणार नाही. १९८८ च्या मोटार वाहन अधिनियमाच्या ५२ व्या कलमान्वये नोंदणीपुस्तकातील मूळ तपशिलाशी विसंगत असा फेरफार मालकास परवानगीवाचून करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१९ च्या जानेवारीत याच तत्त्वास दुजोरा दिला. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने बेकायदेशीर फेरफारास प्रत्येकी ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही शिक्षा ठेवल्या आहेत. तेव्हा कारखान्याने त्याच गाडीसाठी बनविलेला भाग निवडावा आणि शंका आल्यास परिवहन कार्यालयात आधी विचारावे. 'जी. जे. १९' ही अक्षरे पाटीवर मिरविणाऱ्या गाड्यांसाठी ते कार्यालय बारडोलीतच आहे.

शेवटी आमच्या विद्यार्थिमित्रांस दोन शब्द. गिअरची मोटारसायकल चालविण्याचे तुमचे वय अठराव्या वर्षापर्यंत यावयाचे नाही. परंतु मागच्या आसनावर तुम्हीच बसलेले असता, आणि त्या हँडलाच्या बरेवाईटाचे तुम्ही भागीदार असता. तुमच्या सायकलीपासूनच आरंभ करा. पुष्कळ सायकलींच्या हँडलाच्या दांड्यावर तो किती आत असावा याची खूण कोरलेली असते. ती खूण बाहेर दिसू लागली तर दांडा धोक्याइतका वर आला आहे असे समजा आणि तो खाली घ्या. आणि वडील, काका किंवा थोरले बंधू मोटारसायकलीचे हँडल उंच करून घेतील, तेव्हा त्यांच्यासोबत मिस्त्रीकडे जा. गाडी मोकळ्या जागी स्टँडवर, न्यूट्रलमध्ये उभी असू द्या. त्यांस इंजिन सुरू करून हँडल एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सावकाश फिरविण्यास सांगा, आणि तुम्ही कान देऊन ऐका. आवाज एकसारखा राहिला आणि कोठेही तार वा नळी ताणलेली दिसली नाही, तर पहिली परीक्षा उत्तीर्ण झाली. आवाज चढला, तर ती गाडी तशीच रस्त्यावर नेऊ देऊ नका. 'अजून काम पुरे झालेले नाही' असे नम्रपणे, पण निश्चयाने सांगा. वयाने लहान असलेल्यानेही अशा वेळी बोलण्यास संकोचू नये, असे आम्हांस वाटते.