दुआ करा, पण साखळी सोडा

6 ऑगस्ट 2001. तमिळनाडूतल्या एरवाडीत, दर्ग्याजवळच्या एका खासगी आसऱ्याला पहाटे आग लागली. साखळदंडांनी बांधलेले 28 मनोरुग्ण जळून मेले. त्यांना तिथे नेऊन सोडणारे बहुतेक घरचेच लोक होते.

आपल्या गावांत आजही काय वेगळं चाललंय? माणूस झोपत नाही, एकटाच बोलतो, की म्हणायचं ‘साया आहे’. मग आमिल, ताईत, हाजिरी. माझ्या मामूंची सहा वर्षं यातच गेली. डॉक्टरकडे नेलं तोवर जमीन विकून झाली होती. मी शिकलेला इंजिनिअर, तरी गप्प बसलो.

दुआला माझा विरोध नाही. पण आजारावर इलाज करा, हे पैगंबरांनीच सांगितलंय. मधुमेहाच्या गोळीने ईमान जात नाही, मग मनाच्या गोळीने कसं जाईल?

2017च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने रुग्णाला साखळीने बांधायला बंदी आहे. सरकारी उपचार हा त्याचा हक्क आहे. पण मागितल्याशिवाय कोण देतो? कब्रस्तानच्या भिंतीसाठी आपण निवेदनं देतोच ना? मग ग्रामीण रुग्णालयात मनोविकारतज्ज्ञाचा वार ठरवा, गोळ्या तिथेच द्या, यासाठीही द्या एक निवेदन.

आणि मित्रांनो, 14416 हा टेलिमानसचा मोफत सरकारी नंबर आजच मशिदीच्या फलकावर लिहा. येत्या जुम्याला इमामसाहेबांनी तो वाचून दाखवावा, एवढी गळ त्यांना घालाच.