पट्टे खरे की रंगवलेले?

हिजरी 1030, म्हणजे इसवी सन 1621. बादशहा जहांगीरपुढे एक अजब जनावर आणून उभं केलं गेलं. मीर जाफरच्या सोबतीने आलेल्या तुर्कांनी ते हबशातून, म्हणजे आजच्या इथिओपियाकडून आणलं होतं. अंगलट खेचराची, पण नाकाच्या शेंड्यापासून शेपटीच्या टोकापर्यंत काळे-पांढरे पट्टे. हे कुणीतरी रंगवून आणलंय, असा संशय काहींना आला. जहांगीरने तो संशय मान्यही केला नाही आणि झटकूनही टाकला नाही. त्याने कसून तपास केला. पट्टे अस्सल निघाले. ही करामत खुद्द निर्मात्याची आहे, असं त्याने आपल्या आत्मचरित्रात नोंदवून ठेवलं. मग उस्ताद मन्सूरकडून त्याचं चित्र काढून घेतलं, चित्राच्या कडेला स्वतःच्या हाताने फारसीत माहिती लिहिली आणि ते जनावर इराणच्या शाह अब्बासला नजराणा म्हणून पाठवून दिलं.

ते चित्र आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे. जमल्यास इंटरनेटवर जरूर पाहा. झेब्र्याचा एकेक पट्टा मन्सूरने जसा होता तसा काढलाय. प्रत्येक झेब्र्याचे पट्टे वेगळे असतात, आपल्या बोटांच्या ठशांसारखे. त्यामुळे मन्सूरने ‘झेब्रा’ नावाच्या जातीचं नव्हे, तर त्या एका जनावराचं चित्र काढलं, असं म्हणायला हवं. आपल्याकडे मुघलांचा विषय निघाला की एक तर भक्ती तरी होते नाही तर शिव्या तरी. या बादशहाची निसर्गाकडे पाहायची नजर मात्र मला मनापासून आवडते. कानावर आलेल्या गोष्टीची खातरजमा करायची आणि मगच लिहायचं, ही सवय आज मोबाइल हातात असणाऱ्या किती जणांना आहे?

पण याच बादशहाचं दुसरं एक चित्र आहे. साधारण 1616 सालचं, अबुल हसनने काढलेलं. त्यात जहांगीर भाल्यावर लावलेल्या एका मुंडक्यावर बाण सोडतोय. मुंडकं आहे मलिक अंबरचं. प्रत्यक्षात मलिक अंबर तेव्हा जिवंत होता आणि दख्खनमध्ये मुघल फौजांच्या नाकी नऊ आणत होता. तोही हबशातलाच. लहानपणी गुलाम म्हणून विकला गेलेला, हात बदलत बदलत निजामशाहीत पोचलेला. पुढे त्याने निजामशाही सावरली, जमीन महसुलाची घडी बसवली, खडकी शहर वसवलं (आजचं छत्रपती संभाजीनगर, माझ्या तोंडी अजून औरंगाबादच येतं) आणि तिथे नहर खोदून पाणी खेळवलं. गनिमी काव्याची चर्चा त्याच्या नावाशिवाय पुरी होत नाही. 1626 मध्ये तो वारला, तोवर तो जहांगीरच्या हाती लागला नव्हता.

जहांगीर आपल्या आत्मचरित्रात या माणसाचा उल्लेख कसा करतो? काळतोंड्या, करंटा, अशा शब्दांत. शत्रूला शिव्या देणं तेव्हाच्या दरबारी लेखनात नवं नव्हतं, हे मला मान्य आहे. पण शत्रू तर कितीतरी होते. इथे शिवी कातडीच्या रंगावरून येते. हबशातून आलेल्या जनावराच्या रंगाची एवढी चौकशी करणाऱ्याला हबशातून आलेल्या माणसाविषयी काहीच विचारावंसं वाटलं नाही. अंबरच्या मृत्यूनंतर त्याच्या युद्धकौशल्याची आणि कारभाराची तारीफ मुतमद खान या मुघल इतिहासकारानेच लिहून ठेवली आहे. म्हणजे दरबारातल्या माणसाला ते दिसू शकत होतं.

‘रंगवलंय की काय’ हा प्रश्न 2009 साली गाझामध्ये पुन्हा आला आणि या वेळी उत्तर ‘हो’ होतं. तिथल्या एका छोट्या प्राणिसंग्रहालयाने दोन पांढऱ्या गाढवांवर चिकटपट्ट्या लावून, केसांच्या कलपाने पट्टे काढले आणि मुलांना सांगितलं, हे झेब्रे. जगभरच्या वर्तमानपत्रांनी ती बातमी गंमत म्हणून छापली. लोक खूप हसले. मागची हकिगत अशी होती: डिसेंबर 2008 ते जानेवारी 2009 या तीन आठवड्यांच्या युद्धात रखवालदारांना पिंजऱ्यांपर्यंत जाता आलं नाही आणि तिथले दोन खरे झेब्रे उपाशी मेले. नाकेबंदीमुळे नवा झेब्रा रीतसर आणणं शक्य नव्हतं. भुयारातून चोरून आणायचा तर सुमारे 40,000 डॉलर लागतील, असं संग्रहालयवाल्यांनी सांगितलं. मग कलप आणला. अरबीत झेब्र्याला म्हणतातच ‘हिमार वहशी’, म्हणजे रानटी गाढव. त्यांच्याकडे नुसता ‘हिमार’ होता.

मेक्सिकोतल्या तिहुआना शहरातही गाढवांवर झेब्र्याचे पट्टे काढतात. जुन्या कृष्णधवल फोटोत पांढरं गाढव नीट उठून दिसेना, म्हणून कितीतरी दशकांपूर्वी ही युक्ती निघाली. पर्यटक पैसे देऊन त्यांच्याशेजारी फोटो काढतात, आणि ती त्या शहराची ओळख समजली जाते. रंग तोच, गाढवंही तीच. गाझाचं मात्र हसं झालं. फसवणूक वाईटच, पण ज्या मुलांनी ते तीन आठवडे काढले त्यांना काहीतरी दाखवायला हवं होतं, असं वाटणाऱ्याला मी फसवा म्हणणार नाही.

जपानमध्ये तर शास्त्रज्ञांनीच काळ्या गायींवर पांढरे पट्टे रंगवले. त्यांच्यावर बसणाऱ्या चावऱ्या माश्या जवळपास निम्म्याने घटल्या. हा प्रयोग 2019 मध्ये प्रसिद्ध झाला आणि 2025 मध्ये त्याला इग नोबेल हे आधी हसवणारं, मग विचार करायला लावणारं पारितोषिक मिळालं. झेब्र्याला पट्टे कशासाठी, या जुन्या वादात माश्यांचं पारडं सध्या जड आहे. सिंहाला चकवण्यासाठी पट्टे असतात हे आपण शाळेत ऐकलं, त्याला तितका भक्कम पुरावा मिळालेला नाही.

राहिला तो लहान मुलांचा लाडका प्रश्न: झेब्रा मुळात काळा की पांढरा? पट्टे असतात केसांत. ज्या केसांत रंगद्रव्य उतरतं ते काळे, जिथे उतरत नाही ते पांढरे. खालची कातडी सगळीकडून काळीच. जहांगीरने तपासाच्या भरात त्या जनावराचे केस जरा भादरून पाहिले असते, तर त्यालाही ती दिसली असती.