निओ की वॉल्ट?

'द मेट्रिक्स' (१९९९) मध्ये ख्रिस्त शोधणं सोप्पं आहे. नायिका ट्रिनिटी, जहाजाच्या पाटीवर 'मार्क ३ क्र. ११' (मार्काच्या शुभवर्तमानात तिथेच भुतं येशूला देवाचा पुत्र म्हणतात), आणि निओ मरून पुन्हा उठतो. पण हाच निओ मॉर्फियसला सोडवताना पहारेकऱ्यांचा खच पाडतो. हा कसला तारणहार?

मला विचाराल तर क्लिंट ईस्टवुडचा 'ग्रॅन टोरिनो' (२००८) क्रूसाच्या जास्त जवळ जातो. खडूस, शिवराळ म्हातारा वॉल्ट गुंडांसमोर निःशस्त्र उभा राहतो, गोळ्या झेलतो, हात पसरून कोसळतो. गुंड गजाआड जातात आणि शेजारचं पोर सूडापासून वाचतं.

असो. सिनेमात देव दिसला की एवढंच बघा... किंमत कोण मोजतंय?