उतारा आपलाच, उत्तर मात्र चुकते

सर्वोच्च न्यायालयाच्या १ सप्टेंबर २०२५ च्या निकालाने गावोगावच्या शाळांत चिंता पसरली. निवृत्तीस पाच वर्षांहून अधिक काळ उरलेल्या पहिली ते आठवीच्या शिक्षकांनी दोन वर्षांत पात्रता परीक्षा उत्तीर्ण व्हावे, असा तो निकाल. वीस-पंचवीस वर्षे फळ्यापाशी उभे राहिलेल्यांना पुन्हा बाकावर बसणे जड जाते, हे आम्ही जाणतो. तथापि रडगाण्याने गुण मिळत नाहीत.

केंद्रीय परीक्षेत १५० प्रश्नांस १५० मिनिटे. उत्तीर्ण होण्यास ९० गुण. दोन्ही भाषांचे प्रत्येकी १५ प्रश्न अपठित उताऱ्यांवर असतात. म्हणजे एक पंचमांश गुण केवळ वाचून समजण्याचे! पहिली भाषा मराठी घेता येते. परंतु आमची मंडळी बालमानसशास्त्राच्या व्याख्या घोकतात आणि 'मराठी काय, आपलीच' म्हणून उतारा सोडून देतात. तिथेच घात होतो.

सराववर्गात आम्ही चार ओळी दिल्या : सकाळी आबा चपला हातात घेऊन बांधावरून मळ्यात गेले. एक ढेकूळ उचलून बोटांनी दाबून पाहिले. 'दोन दिवस थांबू' म्हणाले आणि कुरी पुन्हा माळ्यावर टाकली. यावरून काय अनुमान निघते? आबांकडे बी नव्हते. आबा आळशी होते. आदल्या रात्री पाऊस झाला होता. शेतकऱ्याने धीर धरावा. अनेकांनी चौथा पर्याय निवडला. सुवचन दिसले की शिक्षकाचा हात तिकडे वळतोच! पाऊस हा शब्द उताऱ्यात नाही. पण हातातल्या चपला, दाबलेले ढेकूळ आणि परत गेलेली कुरी या तिन्ही खुणा ओल्या जमिनीकडेच बोट दाखवतात. धीर धरावा हे खरे असेल, परंतु तो आपला उपदेश झाला; उताऱ्यातले अनुमान नव्हे.

यास्तव आधी प्रश्न वाचावेत, मग उतारा. प्रत्येक उत्तराखाली त्याचा आधार असलेल्या ओळीवर पेन्सिलीने खूण करावी. आधार सापडला नाही तर पर्याय कितीही गोड असो, तो सोडावा. 'नेहमी', 'केवळ', 'सर्वच' अशा शब्दांपाशी थबकावे. चुकीच्या उत्तरास गुण कापत नाहीत, म्हणून एकही प्रश्न कोरा ठेवू नये. रोज एक अग्रलेख वाचून त्यावर स्वतःच पाच प्रश्न काढावेत.

सीमाभागात याला आणखी एक बाजू आहे. परिपत्रके कन्नडमधून, प्रशिक्षण कन्नडमधून. पाठ्यपुस्तकापलीकडचे मराठी वाचन आमचेच आटले आहे. प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची सोय असावी, असे घटनेचे कलम ३५०-अ सांगते. पण पात्र शिक्षक नसेल तर त्या कलमाचा मुलांना काय उपयोग? मराठी शाळेसाठी आपण निवेदने देतो, ती दिलीच पाहिजेत. त्याचबरोबर गावच्या वाचनालयात आठवड्यातून दोन संध्याकाळी शिक्षकांनी एकत्र बसून उतारे सोडवावेत. ज्या गुरुजींना ओळींमागचे वाचता येते, त्यांचीच मुले उद्या सातबारा, नोटीस आणि जाहीरनामा नीट वाचतील.