ब्रेकमधली हवा

आदिलाबादहून नागपूर सुमारे २०० किलोमीटर आणि हैदराबाद सुमारे ३०० किलोमीटर. आपल्या मराठी घरांची सोयरीक या दोन्ही दिशांना पसरलेली. शिवाय माहूरची रेणुका आहे, बासरची सरस्वती आहे. घरची मोटार असली की लेकीसुनांसह सारे कुटुंब तीत बसते आणि वाटेत घाट लागतात. निर्मलच्या बाजूचा जुना महबूब घाट काय, माहूरगडाचा उतार काय, तेथे गाडीच्या इंजिनाची नव्हे, ब्रेकची परीक्षा असते. म्हणून यावेळी ब्रेकविषयी लिहावे असे आम्ही योजिले आहे.

मोटारीचा ब्रेक चालतो तो द्रवाच्या बळावर. कोंडलेल्या द्रवावर दिलेला दाब सर्व दिशांना सारखाच पोहोचतो, हा सतराव्या शतकातील पास्कलचा सिद्धांत. पॅडलवर पाय पडला की मास्टर सिलिंडरमधील ब्रेक ऑइल नळ्यांतून चारही चाकांकडे दाब नेते. अशा ब्रेकचे पेटंट अमेरिकेत माल्कम लॉकहीड यांनी १९१७ साली घेतले. द्रव दबत नाही, हवा दबते. नळीत हवेचा बुडबुडा शिरला की पायाचे बळ त्यालाच दाबण्यात खर्च होते आणि पॅडल स्पंजासारखे मऊ लागते.

दुसरा शत्रू पाणी. नेहमीचे ब्रेक ऑइल हवेतील ओल शोषून घेते. ‘डॉट ३’ प्रतीचे ताजे ऑइल २०५ अंश सेल्सिअसपर्यंत उकळू नये असा दंडक आहे. ओल शोषलेल्या ऑइलासाठी हाच आकडा १४० वर येतो. ‘डॉट ४’साठी हे आकडे २३० व १५५ आहेत. लांब उतारावर ब्रेक सतत दाबून धरला की चाकापाशी उष्णता साचते, जुने ऑइल उकळते, त्याची वाफ होते आणि पॅडल तळाला जाते. दोन वर्षांनी ऑइल बदलावे असे सांगतात, ते एवढ्यासाठीच.

आता घरी करावयाचे काम. चाकाच्या नट आधी सैल कराव्यात, मग गाडी जॅकवर घ्यावी. सपाट, टणक जमीन हवी. बाकीच्या चाकांना दगडांची अटक हवी. नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली कोणीही शिरू नये. खाली भक्कम स्टँड हवाच. पॅड वा लायनर एकाच चाकाचे न बदलता समोरासमोरच्या दोन्ही चाकांचे बदलावेत. मात्र एका वेळी एकच चाक उघडावे, म्हणजे जोडणीत शंका आली तर दुसरे चाक नमुन्याला राहते. कॅलिपर रबरी नळीवर लोंबकळत ठेवू नये, तारेने बांधावा. आतली धूळ फुंकू नये. जुन्या लायनरांत अ‍ॅस्बेस्टॉस असे. काम संपताच, गाडी हलविण्यापूर्वी, पॅडल कडक लागेपर्यंत दाबावे. हे विसरलेल्या माणसाला पहिल्या दाबाला ब्रेक मिळतच नाही.

नळी वा सिलिंडर उघडला असेल तर हवा काढणे आले. त्यास दोन माणसे लागतात. चाकामागच्या निपलला पारदर्शक नळी लावून तिचे टोक ताज्या ऑइलच्या बाटलीत बुडवावे. एकाने पॅडल दाबून धरावे, दुसऱ्याने निपल किंचित सैल करावा. बुडबुडे निघाले की तो आधी आवळावा आणि मगच पॅडल सोडावे. हा क्रम उलटला तर हवा पुन्हा आत शिरते. बुडबुडे थांबेपर्यंत असे करावे, आणि वरची टाकी कधीही रिकामी होऊ देऊ नये. बहुधा मास्टर सिलिंडरपासून सर्वांत दूरच्या चाकाने आरंभ करतात. आपल्या गाड्यांत ते मागचे डावे. परंतु गाडीच्या पुस्तिकेत निराळा क्रम असेल तर तोच पाळावा. ऑइल रंगावर सांडल्यास लगेच धुवावे. इंजिन ऑइल तर चुकूनही घालू नये. त्याने रबर फुगते आणि ब्रेकच निकामी होतो.

एप्रिल २०१९ पासून नव्या मोटारींना एबीएस सक्तीचे आहे. अशा काही गाड्यांत हवा काढण्यास कारखान्याचे यंत्र लागते. तेथे, तसेच पॅडल मऊच राहिले तर, हट्ट न धरता जाणत्या मिस्त्रीला बोलवावे. घरच्या कामात पैसा वाचतो, हे खरे. पण येथे पणाला लागतो तो पैसा नव्हे, मागच्या बैठकीवर बसलेली मुले.

काम झाल्यावर मोकळ्या मैदानात सावकाश ब्रेक पाहावा, घाटात नव्हे. आणि घाट उतरताना लहान गिअरचा आधार घ्यावा. जुने ड्रायव्हर सांगत की ज्या गिअरने चढलात त्याच गिअरने उतरा. ब्रेक कितीही उत्तम असला तरी ती शिकवण सोडू नये.